वाचायचे तास कुठल्या खात्यात?

नौपाड्यात राहणारी माझी भाची नेरूळच्या एका कॉलेजात एमएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी, करते. परवा रात्री साडेबाराला तिचा फोन आला. इकडे नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला आठ वाजले होते. ती सकाळच्या प्रेझेंटेशनच्या स्लाइड जोडत बसली होती. घरात वेगळाच वाद चाललाय. ताई म्हणते, कॉलेजातल्या त्या कमिट्या सोड आणि अभ्यासाला बस. भावोजी म्हणतात, प्लेसमेंटला मार्क कोण बघतं, ओळखी वाढव.

मला दोघांचंही पटत नाही. मी तिला आठवडाभराचे तास वहीत मांडायला सांगितले. वर्गात २८, लोकल आणि रिक्षा धरून प्रवास १३, ग्रुपची कामं १७, प्लेसमेंट कमिटी १२. एकटी पुस्तक घेऊन बसली ते तास ३. सत्तर तास आधीच गेलेल्या मुलीला आणखी काय सांगायचं?

नेदरलँड्समध्ये अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात, आणि एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचं काम. सहा क्रेडिटच्या विषयाला १६८ तास, आणि त्यात लेक्चर, वाचन, ग्रुप, परीक्षेची तयारी सगळं आलं. आपल्या २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही एका क्रेडिटला ३० तास धरलेत, वर्षाला १२००, स्वतःच्या अभ्यासासकट. पण कॉलेजात हिशेब होतो तो हजेरीचा, ७५ टक्के भरली की नाही एवढाच.

इथं सगळं छान आहे असं नाही. पहिल्या सत्रात मला आठवड्याला जेमतेम बारा तास लेक्चर होती. उरलेला वेळ कसा वापरायचा हे कुणी शिकवलं नाही आणि मी अकाउंटिंगला नापास झाले. तेव्हा तिकडच्या वर्गात रोज शेजारी बसणारी, आपली वही पुढे सरकवणारी मैत्रीण फार आठवली. हजेरीमुळे मिळणारी ती सोबत मी कधीच कमी लेखणार नाही.

म्हणून लेक्चर कमी करा असं माझं म्हणणं नाही. पाच विषयांचे पाच शिक्षक, प्रत्येकाला वाटतं आपलं एकच तर प्रेझेंटेशन आहे. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी एकत्र बसून सगळ्या तारखा एका कागदावर लिहाव्यात. वर्गात चर्चेला घ्यायची केस स्टडी वाचायला संध्याकाळच मिळाली नाही, तर वर्गात चर्चा कसली? वाचून आलेली दोन-तीन मुलं बोलतात, बाकीची माना डोलावतात.

भाची विचारत होती, "मावशी, ही वही मॅडमना दाखवू?"

दाखव म्हटलं. फक्त एकटीची नको, वर्गातल्या दहाजणांच्या वह्या घेऊन जा.