‘नुसतं धुतलं तरी सोनं निघेल की!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. केजीएफच्या (कोलार गोल्ड फील्ड्स, कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणी) सायनाइड डंपवरच्या, म्हणजे सोनं काढून उरलेल्या मातीच्या ढिगांवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, गारगोटी जेमतेम २.६५ पट, मग सायनाइड न वापरता नुसतं पाण्यावर धुऊन ते वेगळं व्हायलाच हवं. सराफ कट्ट्यावरचे झारेकरी गटारातल्या गाळातून काढतातच की! वर मी ‘नन्नाचा पाढा’ लावलाय, हेही आलंच.

घनतेचे आकडे बरोबर आहेत. पण कणाचा आकार तुम्ही धरलेलाच नाही. झारेकऱ्याच्या मातीत कानशीचा कीस असतो, सुटा आणि बऱ्यापैकी मोठा. कोलारला मोठं सोनं पाऱ्याने आधीच धरलं, उरलेल्यातलं सायनाइडने विरघळवून ओढलं. त्यातूनही जे सुटलं ते या ढिगांत आहे.

सोयीसाठी टनाला एक ग्रॅम धरा, म्हणजे किलोभर मातीत एक मिलिग्रॅम. शंभर मायक्रॉनचे (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) गोल कण असते तर किलोत शंभरेक निघाले असते, माती धुवायच्या पसरट थाळीत, म्हणजे पॅनमध्ये, पिवळी रेघ दिसली असती. दहा मायक्रॉनचे असतील तर होतात लाखभर, आणि डोळ्याला एकही दिसत नाही. असा दहा मायक्रॉनचा कण पाण्यात सेकंदाला मिलिमीटरभर खाली जातो. गारगोटीचा तेहतीस मायक्रॉनचा कणही बरोबर त्याच वेगाने बसतो. शेकिंग टेबलाने, म्हणजे पाण्याखाली हलणाऱ्या तिरक्या फळीने, या दोघांना वेगळं करायचं कसं? सोनं गारगोटीच्या पोटातच अडकलं असेल तर तो दाणा वजनाला गारगोटीच.

आणि ढिगांतला माल किती बारीक आहे ते वारा सुटल्यावर केजीएफच्या घराघरांत कळतं.

सेंट्रिफ्यूजचं, म्हणजे गरगर फिरवून जड कण वेगळे करणाऱ्या यंत्राचं म्हणाल, तर त्याने कणाच्या आकाराची ही मर्यादा बरीच खाली येते, मान्य. पण अडकलेलं सोनं तोही सोडवत नाही, त्यासाठी पुन्हा दळावं लागतं आणि विजेचं बिल तिथेच फुगतं. जोहान्सबर्गचे जुने ढीग पाण्याच्या फवाऱ्याने फोडून उपसतात, तिथेही सोनं शेवटी सायनाइड आणि कार्बननेच निघतं. सायनाइड नको हा तुमचा आग्रह मला कळतो, पण आग्रहाने कण मोठे होत नाहीत.

जिथे सायनाइड कधी पोचलंच नाही, नुसत्या पाऱ्यावर भागवलं, अशा जुन्या गाळात तुमची पद्धत खुशाल वापरून बघावी. कॅलिफोर्नियातल्या नदीकाठच्या उपशात तर सोनं मुळातच सुटं होतं.

तुम्ही दिलेला यंत्रविक्रेत्याचा व्हिडिओ पाहिला. पिवळी रेघ छान दिसते. त्याला एवढंच विचारा, यंत्रातून बाहेर वाहून गेलेल्या गाळाचं ॲसे (सोन्याचं प्रमाण मोजायची चाचणी) केलं होतं का, आणि त्यात टनाला किती सोनं उरलं होतं?