बेघरांना बसचा पास दिला तर ते बसमध्येच राहायला येतील?

‘बेघरांना मोफत पास दिला की बसची धर्मशाळा होणार. ना नोकरी, ना घर. यांना जायचंय तरी कुठे? गरिबांसाठी सवलती आहेतच, त्या घ्याव्यात. विनातिकीट सापडले तर जबर दंड करा, येतील वठणीवर.’ अशा आशयाचा मजकूर सध्या खूप फिरतोय, आणि चांगली जाणती माणसंही तो पुढे पाठवताहेत. म्हणून हे उत्तर.

‘जायचंय कुठे?’ हा प्रश्न घर असलेल्यालाच सुचतो. बऱ्याच रात्रनिवाऱ्यांतून सकाळी बाहेर पडावंच लागतं, आणि संध्याकाळी वेळेत परत रांगेत उभं राहिलं नाही तर खाट दुसऱ्याला जाते. मधल्या वेळात जेवण एकीकडे, आंघोळीची सोय दुसरीकडे, दवाखाना तिसरीकडे आणि ओळखपत्राचं कार्यालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आपण यातली निम्मी कामं फोनवर उरकतो. बेघर माणसाला प्रत्येक ठिकाणी स्वतः हजर व्हावं लागतं, तेही सगळं सामान खांद्यावर घेऊन, कारण ते ठेवायला जागा नसते. पायाला जखम झालेला मधुमेही माणूस ड्रेसिंगसाठी पाच-सहा किलोमीटर चालत गेला, तर त्या चालण्यानेच जखम चिघळते. नाही गेला, तर केसपेपरवर ‘रुग्ण आला नाही’ असा शेरा पडतो, आणि पुढे तोच शेरा त्याच्या बेफिकिरीचा पुरावा ठरतो. याचा मला मनापासून राग येतो.

अमेरिकेत बोस्टनमध्ये एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी कमी उत्पन्नाच्या प्रवाशांना निम्म्या दरात प्रवास करू दिला. त्याचे निष्कर्ष 2019मध्ये आले: त्यांच्या फेऱ्या सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्या, दवाखान्यांकडे आणि मदत केंद्रांकडे जाणंही वाढलं. हे सगळे बेघर नव्हते, पण भाड्यापायी किती कामं अडून राहतात ते यातून कळतं.

सवलती आहेत हे खरं. पण त्या मिळवायला बहुतेक ठिकाणी पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि पत्ता हीच तर अडचण आहे. एस्टोनियाची राजधानी टालिनने 2013मध्ये सार्वजनिक वाहतूक मोफत केली, ती शहरात रहिवासी म्हणून नोंद असलेल्यांसाठी. लक्झेंबर्गने 2020मध्ये देशभरात साध्या वर्गाचं तिकीटच रद्द केलं, त्यामुळे तिथे कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. सगळ्यांना हे परवडेलच असं नाही. अमेरिकेतलं सिएटल शहर ज्या किंग काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात आहे, तिथे सामाजिक संस्थांना मोठ्या सवलतीत तिकिटं मिळतात आणि त्या ती गरजूंच्या हातात देतात. मला हा मार्ग जास्त पटतो: माणूस जिथे आधीच येतो, तिथेच पास मिळावा.

आता बसमध्ये झोपण्याचं. सिलिकॉन व्हॅलीत सॅन होजे ते पालो आल्टो धावणारी रात्रीची 22 नंबरची बस ‘हॉटेल 22’ म्हणून ओळखली जायची, इतके बेघर तिच्यात रात्र काढत. ती मोफत नव्हती. लोक भाडं भरून झोपत होते, कारण बाहेर थंडी होती आणि निवाऱ्यात जागा नव्हती. शेजारच्या प्रवाशाला त्रास होतो, ही तक्रार खोटी नाही. पण तिचा उपाय खाट आणि आंघोळ हा आहे. पास नाकारल्याने एकही खाट वाढत नाही.

दंडाचं म्हणाल, तर जर्मनीकडे बघा. तिथे दंडसंहितेच्या कलम 265अ खाली विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे. न्यायालयाने ठोठावलेला दंड भरता आला नाही, की त्याऐवजी तुरुंगवास होतो. असे दंड भरून लोकांना सोडवण्यासाठी 2021पासून ‘फ्रायहाइट्सफाँड्स’ हा उपक्रम देणग्या गोळा करतोय. ज्याच्याकडे तिकिटाला पैसे नव्हते, त्याला कोठडीत ठेवायचा रोजचा खर्च सरकार उचलतं, आणि तो त्या न काढलेल्या तिकिटाच्या कित्येक पट असतो. सुटल्यावर त्याला पुन्हा त्याच दवाखान्यात आणि त्याच कार्यालयात जायचं असतं, आणि भाड्याला पैसे तेव्हाही नसतात.