नाचायला कारण कशाला लागतं?

ऑफिसच्या ग्रुपवर कालच्या ‘रेट्रो नाईट’चे व्हिडिओ सकाळपासून येऊन पडायलेत. आमचे साहेब, अकाउंट्सची दोन पोरं आणि एक मॅडम. चंदेरी जॅकेट, कपाळाला पट्टी, कुरळे विग, असा सगळा जामानिमा करून ‘डिस्को डान्सर’च्या गाण्यावर नाचले. नाचले म्हणजे काय, टवाळी केली. कंबर हलवायची आणि लगेच लोकांकडे बघून खिदळायचं, म्हणजे कुणाला वाटायला नको की हे खरंच नाचायलेत. हॉल नुसता लोटपोट. एकाने तर आईला गिटारीचा शॉक बसतो तो सीन जमिनीवर तडफडून दाखवला, त्याला वन्समोअर.

मला राग आला. नेमका कशाचा ते कळेना, म्हणून घरी आल्यावर अख्खा सिनेमा लावून बसले. यांनी झोपेतच विचारलं, “काय लावलंयस हे?” “मिथुन,” म्हटलं. कूस बदलून घोरायला लागले.

१९८२ चा सिनेमा, दिग्दर्शक बब्बर सुभाष. हसू येतं, खोटं कशाला बोलू. हिरोला गिटारीची भीती बसते. नाचाची स्पर्धा असते तिला थेट पॅरिस आणि आफ्रिकेहून लोक येतात. ओम पुरींसारखा नट हिरोचा मॅनेजर होऊन सगळं गंभीर चेहऱ्यानं निभावून नेतो. चालीही बप्पीदांनी इकडून तिकडून उचललेल्या, ‘कोई यहाँ नाचे नाचे’ सरळ बगल्स या इंग्रजी बँडची. मान्य. मिथुन काही फार मोठा नर्तक नव्हता, हेही मान्य. झालं समाधान?

आता माझं ऐका.

आमचं गाव जिंतूरकडलं. राजीव गांधी निवडून आले त्याच्या पुढच्या वर्षीचा गणपती. वर्गणी काढून परभणीहून व्हिडिओ आणला होता, कलर टीव्ही मारुतीच्या पारावर ठेवला. पहिला पिक्चर देवाचा, दुसरा मिथुनचा. माझा मोठा चुलत भाऊ बाळूदादा सगळ्यात पुढे मांडी घालून. दुसऱ्या दिवसापासून हा पठ्ठ्या गावातल्या पानपट्ट्यांवर फिरून सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांतली चांदी गोळा करायला लागला. काकूकडून कणकेची खळ शिजवून घेतली, “पतंगाला पाहिजे” म्हणून. आणि जुन्या पांढऱ्या शर्टावर एकेक तुकडा नखानं सपाट करून चिकटवला. पाठीवर मी चिकटवले, त्याचा हात पुरत नव्हता.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरपुढे तो शर्ट घालून नाचला. काय नाचला! घामानं खळ सुटायला लागली आणि चांदीचे तुकडे रस्त्यावर पडत गेले, मागून लेकरं ते वेचत होती. आणि चौकात आप्पा, म्हणजे त्याचे वडील, चाबूक घेऊन उभे. बैलाचा चाबूक. “नाच्या झालास का रे? जा मग तमाशात.” सगळ्या गावासमोर.

गंमत सांगू? आप्पा माळकरी. दिंडीत पाऊली खेळताना हेच आप्पा असे रंगायचे की पायातली वहाण कुठं राहिली याचं भान नसायचं. नामदेव महाराज नर्सीचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. कीर्तनात नाचायची परंपराच आमची. वरातीत गावातले प्रतिष्ठित लोक घेऊन झाल्यावर लोळून नाचायचे, दुसऱ्या दिवशी कुणी ब्र काढायचं नाही. म्हणजे पुरुषानं नाचायला हरकत नव्हती, कारण पाहिजे होतं. विठ्ठल नाहीतर दारू. बाळूदादाकडे दोन्ही नव्हतं. त्याला नुसतं नाचायचं होतं.

हे डोक्यात घेऊन काल सिनेमा बघितला आणि कुठं ठसठसत होतं ते सापडलं. हा सिनेमासुद्धा त्या पोराला नुसतं नाचू देत नाही! लहानपणी श्रीमंताच्या घरची गिटार हाताळली म्हणून चोरीचा आळ, आईची बदनामी, मुंबई सोडून गोव्याला जाणं. तेव्हा कुठं पोराला स्टेजवर चढायचा हक्क. म्हणजे सूड उगवायचा म्हणून नाच, आईचं नाव राखायचं म्हणून नाच. आणि एवढं करूनही पुरेना म्हणून आईला मारून टाकतात. गिटारीत करंट सोडलेला, ती आईच हातात घेते. कशासाठी? पोराचा नाच पवित्र व्हावा म्हणून? लिहिणारे कोण, तर राही मासूम रझा, ज्यांनी पुढे ‘महाभारत’ मालिकेचे संवाद लिहिले. त्यांच्यासारख्यालासुद्धा पोरानं आनंदासाठी नाचावं हे पटवून देता आलं नाही, का निर्मात्यांनी देऊ दिलं नाही, काय की.

त्या शॉकच्या सीनला हसणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला जाऊन बघावं. ओल्या रानात, अंधारात, स्टार्टरची पेटी उघडी. आजही दर पावसाळ्यात पेपरात कुणाचा ना कुणाचा फोटो असतोच. त्या रात्री पारावर हा सीन आला तेव्हा सगळं गाव चिडीचूप झालं होतं. मागच्या रांगेतल्या एक आजी पदर तोंडाला लावून उठून गेल्या. लाईटीनं माणूस जातो कसा, हे बायकांना समजावून सांगायची गरज नव्हती. एसी हॉलमध्ये वन्समोअर मिळतो त्याला.

बरं, थोडं जास्तच चिडले. पोरं चांगली आहेत ऑफिसातली, त्यातल्या एकाने मला मागच्या महिन्यात दवाखान्यात नेलं होतं. त्यांना बाळूदादा कुठं माहीत असणार.

पण हे खटकतंच. सोव्हिएत रशियात हा सिनेमा थिएटरात जाऊन बघणारे सहा कोटींच्या घरात होते म्हणतात. आपल्या मिथुनला २०२४ मध्ये फाळके पुरस्कार मिळाला. त्याच्या पहिल्याच सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार होता, तेही लोक विसरतात आणि चंदेरी पँटच लक्षात ठेवतात. ठेवा ना, पण हसता कशाला? सांगू का कशाला? कारण तुम्हालाही नाचायला निमित्त लागतं. आप्पांचं विठ्ठल होतं, वरातवाल्यांची बाटली, तुमची टवाळी. साहेब अठ्ठावन्नचे. मी त्यांचे पाय बघत होते, ‘जिमी जिमी’ला ठेका अगदी बरोबर पडत होता. माणसाला येत होतं! आणि नेमकं जमायला लागलं की लगेच तोंड वेडंवाकडं करायचे. कशाला, साहेब? कोण चाबूक घेऊन उभं होतं तिथं?

बाळूदादानंही शेवटी कारण शोधलंच. मार खाल्ल्यावर आठवडाभरानं घरात सांगितलं, “परभणीच्या ऑर्केस्ट्रात घेणारेत मला, पैसे देणारेत.” कुणी घेणार नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. पण पैशाचं नाव काढलं आणि आप्पांचा आवाज एकदम खाली आला. “किती देतेत?” म्हणाले.

तो आता सेलूला असतो, मुलाचं मोबाईलचं दुकान आहे, गुडघे गेलेत. सकाळी त्याला फोन केला. चांदीच्या शर्टाचं काढलं तर खूप हसला, म्हणाला, “पाठीवरचे सगळे निघून गेले होते बघ, तुझी खळ पातळ होती.” मग म्हणाला, “तू कुठं होतीस गं तेव्हा? मिरवणुकीत दिसली नाहीस.”

कुठं असणार. माळवदावर. आम्ही सगळ्या पोरी माळवदावरून बघत होतो, पाय आमचेही हलत होते. त्याला निदान चाबूक तरी मिळाला, म्हणजे तो नाचला तरी. आम्हाला खाली उतरायचं असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सिनेमातली हिरॉईन रीटासुद्धा शेवटी काय करते, तर ‘आजा आजा’ म्हणून त्यालाच बोलावते.

फोनवर हे सगळं बोलता येईना. म्हटलं, “स्वयंपाक होता रे घरी.”