सगळं सीएमवायके केलं की रंग जुळतात?

छपाईला फाइल देण्याआधी काय करावं, याचा एक सल्ला डिझायनर मंडळींमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात चार गोष्टी असतात. सगळ्या इमेजेस आणि व्हेक्टर (रेषा-आकारांनी बनलेली चित्रं) सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शाईंच्या टक्क्यांत करून घ्या. प्रोफाइल, म्हणजे आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणारी फाइलमधली माहिती, काढून टाका, घोळ त्यांच्यामुळेच होतो. आयड्रॉपरने (रंग टिपणाऱ्या टूलने) आकडे बघा, आकडे जुळले की रंग जुळला. आणि एवढं करूनही फरक पडला तर चूक प्रेसची. मी प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधी फाइली तपासून तयार करायच्या कामाला, बसतो. या सल्ल्याने बिघडलेल्या फाइली माझ्याकडे सतत येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'सगळं सीएमवायके करा.' कोणतं सीएमवायके? सी 100 ही फक्त सूचना आहे: इथे सायन पूर्ण लाव. ती शाई आर्ट पेपरवर पडली की एक रंग दिसतो, न्यूजप्रिंटवर पडली की दुसरा. म्हणून तर कोटेड कागदासाठी फोग्रा 39 किंवा 51, अनकोटेडसाठी फोग्रा 52 अशी कोणत्या कागदावर शाई कशी दिसते याची वेगवेगळी प्रमाणित मोजमापं आहेत. फोटोशॉपची अमेरिकी डिफॉल्ट सेटिंग्ज तशीच ठेवून मोड बदलला, तर इमेज यू.एस. वेब कोटेड स्वॉप या अमेरिकी प्रोफाइलमध्ये जाते. काम फोग्रा 39 ने छापायचं असेल, तर पहिल्याच क्लिकला वाट चुकली.

काळ्याचं तर विचारूच नका. आरजीबीतला (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांतला) शुद्ध काळा त्या स्वॉपमध्ये सी 75, एम 68, वाय 67, के 90 होतो. बेरीज 300 टक्के! बारीक मजकुराचं असं झालं की एका अक्षराला चार प्लेट लागतात, आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं तरी कडेला रंगीत झाक येते. आधीच के 100 असलेला मजकूर एका सीएमवायके प्रोफाइलमधून दुसऱ्यात कन्व्हर्ट केला, तरी बहुतेक वेळा हेच होतं.

या मुद्द्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. मजकूर, लोगो, सपाट पट्ट्या यांचे आकडे सीएमवायकेत हाताने घालावेत आणि पुढे त्यांना कोणी हात लावू नये. फोटोंना हा नियम लावायचं कारण नाही. फोटो आरजीबीत, त्याच्या प्रोफाइलसकट ठेवावा आणि कागद नक्की झाल्यावर, पीडीएफ काढताना, एकदाच बदलावा. पीडीएफ/एक्स-4 या छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारात तर प्रोफाइल लावलेला आरजीबी फोटो तसाच पाठवता येतो. मात्र आधी प्रेसला विचारून घ्यावं.

'प्रोफाइल काढून टाका.' हा सगळ्यात घातक सल्ला. प्रोफाइल काढलं की उरतो नुसता आकडा, एककाशिवायचं माप. पुढचं सॉफ्टवेअर मग स्वतःच्या अंदाजाने एकक लावतं. अडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या प्रोफाइलमध्ये काढलेल्या फोटोचं प्रोफाइल गेलं आणि तो नेहमीच्या, कमी रंगांच्या एसआरजीबीतला धरला गेला, की चेहरे फिके पडतात, हिरवळ मरगळते. मेहनतीने टिपलेला फोटो असा मेलेला बघताना वाईट वाटतं.

'आकडे जुळले की रंग जुळला.' इथे जरा थांबतो, कारण इमेज आणि व्हेक्टर यांचं भांडण खरं इथेच लागतं. एका कव्हरवर वरती फोटो होता, त्याची पार्श्वभूमी गडद निळी, आणि खाली त्याच निळ्याची व्हेक्टर पट्टी. दोन्हीकडे सी 100, एम 70, वाय 0, के 10. डिझायनरने आयड्रॉपरने तपासलं होतं. छापून आलं तेव्हा मधोमध सांधा स्पष्ट दिसत होता. फोटोला स्वॉपचं प्रोफाइल होतं आणि डॉक्युमेंट फोग्रा 39 चं. एक्सपोर्टच्या सेटिंगने पट्टीचे आकडे जपले, पण प्रोफाइल वेगळं दिसल्यामुळे फोटो कन्व्हर्ट केला. त्याचे आकडे सरकले, शून्य असलेल्या पिवळ्यातही काही टक्के आले. आयड्रॉपरने दाखवलेले आकडे खरेच होते, पण ते एक्सपोर्टच्या आधीचे.

जेपीईजी असेल तर आणखी एक भानगड. कॉम्प्रेशनमुळे सपाट रंगही वस्तूंच्या कडेला थोडा हलतो. पट्टीला भिडणारी इमेज टिफ किंवा पीएसडीतच ठेवावी.

माझा उपाय साधा आहे: सांधाच ठेवू नका. फोटोतला विषय कापून पार्श्वभूमी पारदर्शक करा आणि मागे एकच व्हेक्टर निळा पूर्ण पानभर सोडा. एकच वस्तू रंग देत असेल तर जुळवायचं काही उरतच नाही. सावली मल्टिप्लायवर (खालच्या रंगात मिसळून त्याला गडद करणाऱ्या मोडवर) ठेवा आणि ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस, म्हणजे पारदर्शक भाग ज्या रंगपद्धतीत मिसळले जातात ती, सीएमवायके आहे ना ते बघा, नाहीतर सावलीभोवती पुसट चौकट उमटते.

'मग चूक प्रेसची.' कधी असतेही. शाई कमीजास्त होते. पण मशीनवर शाईची घनता बदलली तर तिचा परिणाम शेजारच्या फोटोवर आणि पट्टीवर मिळूनच होतो. दोघांच्या बरोबर मध्ये सरळ रेघ पडली असेल, तर ती रेघ बहुतेक फाइलमधून आलेली असते. मशीनमनला बोल लावण्याआधी तयार पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये उघडा, आउटपुट प्रीव्ह्यू (छपाईच्या शाईचे आकडे दाखवणारी खिडकी) लावा, सिम्युलेशन प्रोफाइल प्रेसने सांगितलेलं निवडा, आणि कर्सर सांध्याच्या अलीकडे नि पलीकडे नेऊन चारही आकडे वाचा.