कासचे करडे गेंद आणि हजार रुपयांचं पुस्तक

आज माझा रविवारचा फोटोग्राफीचा क्लास सुटल्यावर एका मुलाचे वडील थांबले. हातात फोटोग्राफी शिकवणारं जाडजूड पुस्तक. गुळगुळीत कागद, कव्हरवर बर्फाचे डोंगर. म्हणाले, "मॅडम, हजार रुपये घालून पुण्यातनं मागवलंय. पोरानं समदं वाचलं. तरी फोटो हायेत तसंच. त्याच्यात ते न्हाईच म्हणायचं का?"

पोरगं शेजारीच उभं होतं. आठवीतलं. खाली मान घालून.

मी पुस्तक मागून घेतलं. दुपारभर चाळलं. आता चिडूनच लिहितेय, समजून घ्या. नाव लिहीत नाही, कारण हे एकच पुस्तक असं आहे असं नाही. दुकानातल्या त्या फळीवरची निम्मी पुस्तकं अशीच असतात.

पहिला मोठा भाग काय विकत घ्यावं याचा. कोणती बॉडी, कोणती लेन्स, कोणती बॅग. अहो, हे शिकणाऱ्यासाठी आहे की दुकानदारासाठी? पुढे सुंदर फोटो, आणि प्रत्येकाखाली एफ/११, १/१२५, आयएसओ १००. म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं, आणि फिल्म किंवा सेन्सर उजेडाला किती तिखट. बास. ऊन होतं की ढग, सकाळ की दुपार, उजेड कुठल्या बाजूनं येत होता, एक अक्षर नाही. हे आकडे घेऊन पोरानं आपल्या साताऱ्यातल्या चार भिंतीच्या टेकडीवर संध्याकाळी काय करायचं? तिथला उजेड वेगळा, आकडे वेगळे. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला लावल्यासारखं आहे हे.

याच पोराची गोष्ट सांगते. गेल्या सप्टेंबरात क्लासची मुलं घेऊन कासला गेलो होतो. पठारावर गेंदाची पांढरी फुलं नुसती पसरलेली, मधूनच सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांची जांभळी छटा. ढगाळ पण लख्ख उजेड. याच्याकडे काकाचा जुना डीएसएलआर कॅमेरा. थोड्या वेळानं आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, कॅमेरा बिघडलाय वाटतं." स्क्रीनवर पाहिलं तर सगळे गेंद करडे. धुणं नीट न निघाल्यावर दिसतं ना, तसले.

कॅमेरा ठणठणीत होता. त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर फूल आहे की भिंत हे कळत नाही. समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून तो हिशोब करतो. १८ टक्के ग्रे म्हणतात तो हाच. पांढरं पठार दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो उजेड कापतो. अशा वेळी आपण प्लस करायचं, म्हणजे उजेड वाढवायचा, एक स्टॉप (म्हणजे दुप्पट), कधी थोडं जास्त. काळी म्हैस चौकटभर असेल तर उलटं, मायनस. नाहीतर म्हैस राखेत लोळून आल्यासारखी दिसते. एवढंच. मी त्याला हे प्लस-मायनस करायचं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण दाखवलं, प्लस एक केलं, आणि गेंद पांढरे झाले. तो जे हसला ते काय सांगू.

आणि आज कळलं, त्या दिवशी हेच पुस्तक त्याच्या सॅकमध्ये होतं. कासपर्यंत ते ओझं वाहिलं पोरानं, आणि दाखवायची लाज वाटली म्हणून बाहेर काढलं नाही.

मग मी मुद्दाम शोधलं, पांढऱ्या गोष्टींच्या फोटोबद्दल यात काय आहे. एक्स्पोजरवर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा यावर, अख्खं मोठं प्रकरण आहे. त्रिकोण आहे, बाण आहेत, रंगीत चौकटी आहेत. सल्ला काय, तर "योग्य एक्स्पोजर निवडा". योग्य म्हणजे कुठलं, हेच तर विचारायला बिचाऱ्यानं पुस्तक उघडलंय! कॉम्पेन्सेशनचं बटण शेवटी बटणांच्या यादीत, एका ओळीत. आपल्याकडं पांढऱ्याची काय कमी आहे? लोणंदला माउलींची पालखी येते तेव्हा रस्ता पांढऱ्या सदऱ्यांनी भरून जातो. ते सगळे वारकरी मळकट यायचे का फोटोत?

जुन्या मंडळींना आठवत असेल. फिल्मच्या खोक्याच्या आतल्या बाजूला एक तक्ता छापलेला असायचा. १०० च्या फिल्मला शटर १/१२५ ठेवा. कडक ऊन असेल तर एफ/१६, विरळ ढगातून ऊन असेल तर एफ/११, ढगाळ पण उजेड असेल तर एफ/८, दाट ढग असतील तर एफ/५.६. झालं. खोकं फाडून खिशात ठेवायचं आणि चालू पडायचं. त्या चार ओळींत आधी आभाळाकडे बघायला लावलं जायचं, मग कॅमेऱ्याकडे. या हजार रुपयांच्या पुस्तकात आभाळाकडे बघ असं कुणी म्हणतच नाही.

छपाई चांगली आहे, मान्य. हात बसलेल्या माणसाला त्यातले फोटो बघून काहीबाही सुचेलही. पण कव्हरवर "नवशिक्यांसाठी" लिहिलंय ना?

आणि नवशिक्याच्या हातात असतं काय? कॅमेऱ्यासोबत येते ती किट लेन्स, १८-५५ मिमीची. पुस्तक सांगतं पोर्ट्रेटला एफ/१.४ ठेवा. ती लेन्स झूम करून ५५ वर नेली की ५.६ च्या पलीकडे उघडतच नाही. पोरगं डायल फिरवत बसतं आणि स्वतःला ढ समजतं. त्याऐवजी लिहा की बाबा, ५५ वर जा, आजीच्या जवळ जा, आणि आजीला भिंतीला टेकवू नकोस, अंगणात पुढं बसव म्हणजे मागचं लांब जाईल. मागचं पुसट होतं की नाही बघ. क्लासमधल्या बाकीच्या मुलांकडे तर फोनच आहेत. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बदलताच येत नाही, मग ते प्रकरण त्यांनी नुसतं पाठ करायचं? फोनवर बोट ठेवून उजेड कमी-जास्त करता येतो, गेंदांचं काम त्यानंही भागतं. ते नाही कुठं.

यूट्यूबवर सगळं आहे म्हणाल. आहे. पण कासला रेंज मिळाली तर मला कळवा.

मला राग पुस्तकाचा कमी आणि त्या "त्याच्यात ते न्हाईच" चा जास्त आला, हे लिहिता लिहिता कळतंय. वडिलांवर तरी काय रागवायचं. घाम गाळून पैसे आणलेत, पोराला हवं ते दिलंय. पुस्तक चुकीचं असू शकतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. छापलंय म्हणजे बरोबर, पोरगंच कमी पडलं! पाटीवर गणित चुकलं की आपल्यालाही असंच बोलायचे ना.

मी त्यांना सांगितलं, पोराचा हात चांगला आहे. त्यांना पटलं की नाही, माहीत नाही. पुढच्या रविवारी मुलाला म्हशीकडे पाठवणार आहे, मायनस करायला. पुस्तक घरीच ठेव म्हटलंय.

तर मंडळी, मराठीत एखादं असं पुस्तक माहीत असेल तर खाली सांगा, ज्यात लेखकानं स्वतःचे फसलेले फोटो छापलेत आणि का फसले ते लिहिलंय. लेन्सच्या किमतींचं प्रकरण असलेलं नको. बर्फाचे डोंगर असलेलं तर मुळीच नको. जुनं, फाटकं चालेल. साताऱ्यात राजवाड्यापाशी येऊन घेऊन जाईन.