दर सोमवारी बाकबदल

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, असं त्यात लिहिलंय. मी मात्र ५४ धरूनच बोलतो, कारण वर्गात १८ बाक मावतात आणि एका बाकावर तिघं कोंबता येतात.

तर तीन रांगा, प्रत्येकीत सहा बाक. कोणी कायमचा मागे राहू नये म्हणून दर सोमवारी जागा बदलायच्या. उत्साही शिक्षक काय करतो, तर सगळ्यांना एक बाक मागे आणि त्याच दमात एक रांग उजवीकडे सरकवतो. दिसायला फार न्याय्य. पण सहाला तीनने भाग जातो, त्यामुळे सहा आठवड्यांत पोरगं मूळ जागी परत येतं आणि १८पैकी १२ बाकांना त्याचा कधी स्पर्शही होत नाही. म्हणून बाक दर सोमवारी बदला, रांग सहा आठवड्यांनी. १८ आठवड्यांत चक्र पुरं होतं, म्हणजे जूनला सुरू केलंत तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. शिवाय बाकावरचं त्रिकूटही फोडायला हवं. नाहीतर गप्पा तशाच राहतात, फक्त पत्ता बदलतो.

मग अपवाद सुरू होतात. चष्म्याचा नंबर वाढलेली मुलं पुढच्या दोन बाकांतच फिरवायची. उंच पोरं भिंतीकडच्या टोकाला. डावखुऱ्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजारच्याच्या उजव्या कोपराशी त्याची तासभर कुस्ती चालते आणि दोघांच्याही वहीत भूकंपाचा आलेख उमटतो. खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरून फळा चकाकतो. तिथला ‘सर, दिसत नाही’ म्हणाला, तर तो बहुधा खरं बोलतोय, पडदा ओढा.

२०२५ साली केरळातल्या काही शाळांनी एका मल्याळम चित्रपटावरून शेवटचा बाकच रद्द केला, सगळे भिंतीकडेने मांडले. कल्पना छान. पण २४ बाय २० फुटांच्या खोलीत चार फुटी बाक लांब भिंतींना पाच-पाच आणि मागे चार बसतात. उरलेले चार मधोमध, आणि कडेची मुलं तासभर मान वळवून. गटकामासाठी मी बाक हलवतच नाही, फरशीवर लोखंडी पाय ओढले की खालच्या वर्गाचे शिक्षक जिन्यात दिसतात. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, झाला सहांचा गट.

एवढं सगळं नीट बसतं, आणि मंगळवारी सोमवारचा गैरहजर येतो. तो सरळ गेल्या आठवड्याच्या जागी जाऊन बसतो. त्याला उठवलं की बाकीचे तिघं पुन्हा जागा बदलतात, आणि तो दप्तर छातीशी धरून विचारतो, ‘मग माझी जागा कुठली?’ ५३ बोटं एकदम वर होतात. वेगवेगळ्या दिशांना.