रोज दोनशे पेलेट? आधी गणित तरी करा

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. एक ग्रुप आमच्या नेमबाजीच्या रेंजचा, दोन पालकांचे आणि चौथा चक्क आमच्या वाड्यावरचा. त्या चौथ्यावर एरवी पाणी कधी येणार आणि वीज कधी जाणार याखेरीज काही येत नाही. मजकुराचं शीर्षक 'हौशी नेमबाजांनो, जागे व्हा!' आणि आतला माल थोडक्यात असा: रोज दोन तास रेंजवर गेलंच पाहिजे. रोज किमान दोनशे पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाच्या बारीक गोळ्या, मारलेच पाहिजेत. चार दिवस खंड पडला की हात शून्यावर येतो. घरी रिकामं पिस्तूल धरून उभं राहणं हा पोरखेळ, वर हत्याराची वाट लागते ती वेगळीच. बिंद्रा, कुसाळे काही आठवड्यातून एकदा जाऊन मोठे झाले नाहीत. केरीच्या गायिका केसरबाईंनी रियाझाला कधी सुट्टी दिली नाही. आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य: आठवड्यातून एकदा येतो तो नेमबाज नव्हे, पर्यटक.

मी गोव्यात फोंड्याला राहतो, वेर्ण्याला नोकरी करतो आणि सहा वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल मारतो. कपाटात एकही पदक नाही, त्यामुळे माझं ऐकाच असा आग्रहही नाही. एरवी असल्या मजकुरावरून अंगठा फिरवून पुढे गेलो असतो. पण आमच्याकडे नुकतेच येऊ लागलेले नवरा-बायको दोन शनिवार दिसले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "रोज काही जमायचं नाही हो आम्हाला. मग एकदा येऊन पैसे कशाला घालवायचे?" म्हणून हे लिहितोय.

दोनशेच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो लिहिणाऱ्याने बहुधा कधी मारून पाहिलेला नाही. दहा मीटरच्या सामन्यात ६० शॉट असतात आणि त्यांना ७५ मिनिटं मिळतात. त्याआधी तयारीला आणि साइटरला, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या अंदाजाच्या शॉटना, १५ मिनिटं. म्हणजे एका शॉटला ७५ सेकंद. आता दोन तासांत दोनशे मारा. एका शॉटला येतात ३६ सेकंद. एवढ्यात पेलेट भरायचं, हात वर न्यायचा, श्वास सोडत खाली आणायचा, साइट, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, जुळवायची, ट्रिगर मागे घ्यायचा, शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं, हात टेकवायचा, शॉट कुठे लागला ते दाखवणारी स्क्रीन बघायची आणि 'मला वाटलं तिथेच गेला का' हे मनाशी ताडून पाहायचं. सामन्याच्या दुप्पट घाईने रोज मारून सामन्याची तयारी होते म्हणे.

यात सगळ्यात आधी बळी जातो तो न मारलेल्या शॉटचा. नेम धरून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात थकतो, डोळ्याला साइट खोटी दिसू लागते. अशा वेळी पिस्तूल खाली घ्यायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि अजूनही दर वेळी जमत नाही. ज्याला दोनशे पुरे करायचेत तो पिस्तूल खाली घेईलच कशाला? तो सुटेल तसा सोडून देतो, कारण त्याला पेलेट मोजायचे असतात. खर्चाचंही बघा. मॅच पेलेटचा डबा साधारण ५०० चा येतो. रोज दोनशे म्हणजे महिन्याला सहा हजार, बारा डबे. मजकूर पाठवणाऱ्यांनी ते पोचते करावेत, आम्ही मारू.

'रोज दोन तास रेंजवर' हे मी करून पाहिलंय. गेल्या मे महिन्यात डोक्यात खूळ शिरलं आणि सोमवार सोडून रोज जायचं ठरवलं. वेर्ण्याहून सुटून पणजीच्या बाजूला रेंज गाठायची, आठला निघायचं, बाणस्तारीचा पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत नऊ. मे महिन्यातला घाम ग्रिपवरून अक्षरशः ओघळायचा. पहिल्या आठवड्यात मजा आली. माझा स्कोअर तेव्हा सहाशेपैकी ५४० च्या आसपास असायचा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ५३१ झाला. महिना संपता संपता ५२४. मी आणखी पेलेट घेतले, आणखी अर्धा तास थांबू लागलो. आमचे कोच तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मागे येऊन उभे राहिले आणि कोकणीत म्हणाले, "तूं रोज येता, पूण शिकता कितें?"

उत्तर नव्हतंच माझ्याकडे. दिवसभर कामावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी थकलेल्या खांद्याने ट्रिगर ओढत नाही, हिसकतो. तो हिसका शॉट डावीकडे खाली नेतो. मी रोज जाऊन तोच हिसका घोटत होतो. हाताला चूक-बरोबर कळत नाही, त्याला फक्त कित्ता कळतो. जो गिरवाल तो पक्का होतो. रायफलवाल्यांचं तर याहून कठीण. त्यांच्या उभ्या पवित्र्यात पाठ एका बाजूला आणि मागे कलती असते, कंबरेवर भार येतो. ऑफिसात आठ तास बसलेल्या माणसाने व्यायामाशिवाय रोज दोन तास ते केलं, तर तो कोचऐवजी हाडांच्या डॉक्टरकडे जास्त दिसेल.

इथे एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगायचा मोह होतो. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचं होतं. रोज किती वेळ शिकवावं हे ॲलन बॅडली आणि लाँगमन या दोघांनी तपासलं आणि १९७८ साली प्रसिद्ध केलं. काहींना दिवसाला एक तास, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका. शिकायला एकूण तास कमी लागले ते एक तासवाल्यांना. गंमत म्हणजे सगळ्यांत नाराजही तेच होते, कारण दिवस जास्त लागत होते आणि आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. मे महिन्यातला मी याच्या बरोबर उलटा: भरपूर तास रेंजवर, मनात समाधान, आणि स्कोअर घसरगुंडीवर.

पण या प्रयोगात 'रोज' आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे. थोडं थोडं आणि वारंवार, याला माझा विरोध नाहीच. विरोध 'रेंजवर'ला आहे. आणि इथेच मजकुरातला केसरबाईंचा दाखला लिहिणाऱ्यावर उलटतो. अल्लादियाँ खाँसाहेबांकडे बाईंनी पंचवीसेक वर्षं तालीम घेतली ती काय तिकीट लावून थिएटरात? रियाझ घरात व्हायचा. आमच्या फोंडा तालुक्यात गाणं-बजावणं घराघरांत आहे. देवळातल्या उत्सवात एकदा गायचं म्हणून पोरं वर्षभर माजघरात पेटी घेऊन बसतात. रेंज म्हणजे ते देऊळ. तिथे जाऊन कळतं की घरी केलेलं बसलंय की नाही. माजघरात बसायचं सोडून रोज देवळात गाऊन गळा तयार होत नाही.

नेमबाजाचं माजघर म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा सराव, ज्याला मजकूर पोरखेळ म्हणतो. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं. टार्गेट नाही, स्कोअर नाही. ट्रिगर सुटताना पुढची साइट हलते का, एवढंच बघायचं. रेंजवर डोळा आकड्याकडे पळतो. भिंतीवर आकडाच नसल्यामुळे हाताची लबाडी लपत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, त्याहून जास्त लक्ष टिकतही नाही. २०२० च्या टाळेबंदीत रेंजना कुलूप होतं तेव्हा भलेभले नेमबाज घरच्या भिंतीकडेच तोंड करून उभे होते.

'हत्याराची वाट लागते' हे मात्र अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच जास्त घोळ होतो. नळी मोडून भरायची ती स्प्रिंगवाली एअर रायफल पेलेटशिवाय कधीही मारू नये. पेलेट असतं तेव्हा त्याच्यामागे हवा दाबली जाते आणि पिस्टनला उशी मिळते. पेलेट नसेल तर पिस्टन थेट समोर जाऊन आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. पण सामन्याच्या, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या बहुतेक पिस्तूल-रायफलींत कोऱ्या सरावाची सोय कंपनीनेच दिलेली असते. हवा न सोडता ट्रिगर नेहमीसारखा सुटतो. आपल्या हत्याराचं माहितीपत्रक वाचलं की दोन मिनिटांत कळतं.

पिस्तूल रेंजचंच असेल, घरी आणता येत नसेल, तर पाण्याची एक लिटरची बाटली घ्या. भरलेली बाटली किलोभर, आणि एअर पिस्तूलही साधारण तेवढंच भरतं. हात खांद्याच्या रेषेत, पंधरा सेकंद धरायची, मिनिटभर विश्रांती, दहा वेळा. स्वतःचं असेल तर ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर हत्याराला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे त्याहून मोठ्या नळीची, गोष्ट वेगळी, ती या लेखात नको. घरी सराव करताना पेलेट दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी उघडून दोनदा बघा, भिंतीच्या दिशेला कोणी येणार नाही याची खात्री करा. आणि बाल्कनीत उभे राहू नका. समोरच्या बाईंना तुमचा छंद ठाऊक नसतो, त्यांना फक्त पिस्तूल दिसतं. (अनुभव माझा नाही, मित्राचा. पोलिसांनी चहा घेतला आणि गेले.)

चार दिवसांच्या खंडाने हात शून्यावर येतो, हे तर चवथीला गावी जाणाऱ्या कोणत्याही गोंयकाराला विचारा. गेल्या चतुर्थीत माझे सतरा दिवस गेले. परत आल्यावर पहिले वीस शॉट टार्गेटभर उधळले. तिसऱ्या खेपेला मी होतो तिथे आलो. झरीवर पोहायला शिकलेला पोरगा वर्षभर पाण्यात उतरला नाही म्हणून बुडत नाही; दम लागतो, एवढंच. लांब खंडाने काही जात असेल तर ते खांद्याचं बळ आणि ट्रिगरची बारीक वेळ. खरा धोका आपल्याकडे हाताला नाही, हत्याराला. जुलैच्या दमट हवेत पुसल्याशिवाय पेटीत बंद केलेल्या पिस्तुलाला गंज चढतो; तेलाचं फडकं आणि सिलिका जेलच्या पुड्या विसरू नका.

राहिले बिंद्रा आणि कुसाळे. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण जिंकलं तेव्हा त्याच्या घरीच रेंज होती, वडिलांनी बांधून दिलेली. त्याला रोज रेंजवर जायला बाणस्तारीचा पूल लागत नव्हता. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्य घेतलं. मधली पंधरा वर्षं नेमबाजी हेच त्याचं काम होतं. रेल्वेची नोकरीही खेळाडू म्हणूनच मिळाली. त्याच्या दिवसातले दोन तास कापून आपल्या दिवसाला ठिगळ लावता येत नाही. बरं, हाच मजकूर पाठवणाऱ्या एका काकांनी त्याच पॅरिसला खिशात हात घालून रौप्य नेणाऱ्या तुर्की युसुफ डिकेचचा फोटो टाकून लिहिलं होतं, 'उपजत गुण! सराव लागत नाही!' डिकेच २००८ पासून प्रत्येक ऑलिम्पिकला खेळलाय. काकांनी एकदा काय ते ठरवावं.

मजकूर जिथे बरोबर आहे तिथे मान्य करतो. राज्य संघात जायचं असलेल्या पोरांना आठवड्यातले चार-पाच दिवस लागतातच, कोचच्या नजरेखाली. नवशिक्यालाही पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा-तीनदा यायला मिळालं तर उत्तम. पवित्रा चुकीचा बसला तर मोडायला फार वेळ जातो. आणि महिन्यातून एकदाच येऊन 'मला जमत का नाही' विचारणाऱ्यालाही मी काही सांगू शकत नाही. बाकी नोकरी-घर सांभाळून मारणाऱ्याला आठवड्यातून एकदा रेंज, एका खेपेला साठ-सत्तर विचार करून मारलेले शॉट, मध्ये तीन-चार दिवस घरी दहा-पंधरा मिनिटं, एवढ्यात भरपूर होतं. मे महिन्यानंतर मी हेच करतोय. दिवाळीपर्यंत पुन्हा ५४० ला आलो आणि आता त्याच्या थोडा वर आहे.

आता 'पर्यटक' या शब्दाबद्दल. वाळपईहून एक निवृत्त मास्तर आमच्याकडे दर शनिवारी बसने येतात. साठीनंतर सुरुवात केली. पन्नास शॉट मारतात, त्यापुढे कोणी आग्रह केला तरी नाही. प्रत्येक शॉट सुटताच, स्क्रीन बघायच्या आधी, तो कुठे गेला असेल ते वहीत लिहितात, मग बघून शेजारी खरा आकडा लिहितात. दोन वर्षांपूर्वीच्या पानांवर दोन आकड्यांची भेटच नव्हती. हल्लीच्या पानांवर दहातले सात-आठ जुळतात. आपला शॉट न बघता ओळखता येणं रोज येणाऱ्यांतही फार थोड्यांना जमतं.

मास्तरांना विचारून त्यांच्या वहीच्या दोन पानांचा फोटो काढला आणि त्या मजकुराखाली चारही ग्रुपांवर टाकला. तिघांवर कोणी काही बोललं नाही. वाड्याच्या ग्रुपवर तेवढा एकाचा प्रश्न आला: बाटली एक लिटरचीच पाहिजे, की दोन लिटरची चालेल?